पातेल्यातली चिमूटभर साखर

आमच्या बाबांना सगळी सोसायटी चिक्कू म्हणायची. तोंडावर नाही, जिन्यात. सदाशिव पेठेतल्या जिन्यांचा गुणच असा की तळमजल्यावर कुजबुजलेलं तिसऱ्या मजल्यावर स्वच्छ ऐकू येतं, आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. मी तेव्हा इंग्रजी घेऊन एम.ए. करत होते. त्या वयात जगातल्या सगळ्या अन्यायांचा राग येतो, आणि हा तर घरचा अन्याय होता.

जास्त राग याचा यायचा की लोकांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. बाबा पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते. उभा जन्म कालव्यांचे नकाशे काढण्यात गेलेला, त्यामुळे थेंब न थेंब कुठे जातो हे बघायची सवय हाडात मुरलेली. पेन्सिल बोटात धरवेना इतकी लहान झाली की तिला जुन्या पेनाचं टोपण चढवायचे आणि पुढे चालवायचे. पुडक्यांचे दोरे गुंडाळून त्यांनी एक गोळा केला होता, तो माझ्या जन्माच्या आधीपासून वाढत होता आणि तेव्हा चांगला नारळाएवढा झाला होता. पाहुण्यांना चहा अर्धा कप. "पूर्ण दिला की बोलता बोलता निवतो आणि निवला की टाकतात," हे त्यांचं शास्त्र. उजेड असेपर्यंत दिवा नाही, वारा असेपर्यंत पंखा नाही.

या सगळ्यावर कळस म्हणजे चाचांचं पातेलं. आमच्या इमारतीत रस्त्याच्या बाजूला घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं आणि त्यामागच्या दोन खोल्यांत दुकानाचे मालक सहकुटुंब राहायचे. लहानथोर सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांचं घराणं आजोबा-पणजोबांपासून पुण्यातलं, आणि मराठी असं की आमच्या कॉलेजातल्या दोघातिघांनी त्यांच्याकडे शिकवणी लावावी. दर ईदला चाचा कल्हई केलेलं एक मोठं पितळी पातेलं शीरखुर्म्यानं काठोकाठ भरून स्वतः तीन मजले चढून घेऊन येत. आम्ही मिटक्या मारत खायचो. मग पातेलं परत करायची वेळ यायची.

शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, ही आपल्याकडची रीत. आई म्हणायची, चकल्या घालू, नाहीतर बेसनाचे लाडू घालू. बाबा म्हणायचे, "रिकामं देऊ नये एवढीच रीत आहे. भरून द्यावं असं कुठं सांगितलंय?" आणि घासूनपुसून लख्ख केलेल्या त्या पातेल्याच्या तळाला चिमूटभर साखर टाकून ते झाकण लावून खाली नेऊन द्यायचे. चाचा झाकण उचलून आत बघायचे, मग बाबांकडे बघायचे, आणि हसायचे. चाचांचं हसणं म्हणजे दुकानाचं शटर वर ढकलल्यासारखं. सुरू झालं की समोरचा पानवालासुद्धा मान वर करून बघायचा. बाबा मात्र शांतपणे "येतो" म्हणून जिना चढायला लागायचे.

कारण बाबा हसत नसत. आनंद झाला की ओठाचा डावा कोपरा किंचित वर जायचा, बस. पुण्यात विनोद करणारा माणूस हसत नाही, तो नियम मला मान्य आहे. पण बाबा दुसऱ्याच्या विनोदालाही हसत नसत. मी त्यांना मोठ्यानं हसलेलं कधीच ऐकलं नव्हतं, आणि मी ऐकलं नव्हतं याचं मला विशेष वाटत नव्हतं. वाईट वाटायचं ते आईनंही ऐकलं नव्हतं याचं.

आई लोणी काळभोरची. तिच्या माहेरी दारात आलेला माणूस न जेवता गेला तर आजोबांना अन्न गोड लागत नसे, आणि आजोबा हसले की गोठ्यातले बैल कान टवकारायचे. अशा घरातून ती सदाशिव पेठेत आली. अर्धा कप चहा शिकली, शहरातलं बोलणं शिकली, दोरे गुंडाळायलाही शिकली. एकच गोष्ट तिला जमली नाही. ती अधूनमधून बाबांना विचारायची, "अहो, हसायला काय वर्गणी द्यावी लागते का?" बाबा म्हणायचे, "हसलो की मी आत्ता." आणि डाव्या कोपऱ्याकडे बोट दाखवायचे.

त्या वर्षी आम्हाला अभ्यासाला एक छोटीशी जुनी इंग्रजी कादंबरी होती. लंडनमधला एक म्हातारा व्यापारी. कुणाला काही देत नाही, कुणाकडे जात नाही. हाताखालच्या कारकुनाला थंडीत कोळसा घालू देत नाही. सणाच्या आदल्या दिवशी भाचा जेवायला बोलवायला येतो, त्याला हाकलतो. मग भुतं येतात. एक त्याला त्याचं गेलेलं आयुष्य दाखवतं, एक चालू काळ दाखवतं, आणि एक त्याचं मरण दाखवतं, ज्याचं कुणालाच काही वाटत नाही. सकाळी म्हातारा जागा होतो तो बदललेला माणूस म्हणून. पहिली गोष्ट करतो ती ही, की खो खो हसतो. आणि कारकुनाच्या घरी एक भला मोठा पक्षी रांधायला पाठवतो.

आमच्या मॅडमनी फळ्यावर दोन शब्द लिहिले, मटेरियालिझम आणि सेल्फिशनेस, म्हणजे वस्तूंचा हव्यास आणि स्वार्थ, आणि त्याखाली टिपणं सांगायला सुरुवात केली. मी हात वर केला. म्हटलं, "मॅडम, याला वस्तूंचा हव्यास असता तर यानं निदान चांगलं खाल्लं असतं, ऊबदार खोलीत बसला असता. हा तर अंधारात बसून पेज पितो. स्वतःलासुद्धा काही देत नाही, मग याला स्वार्थी तरी कसं म्हणायचं?" मॅडमनी खडू खाली ठेवला. म्हणाल्या, "मुद्दा चांगला आहे. परीक्षेत लिहू नका."

पण माझ्या डोक्यातून ते जाईना. घरी एक माणूस दिवा न लावता खिडकीशी पेपर वाचत बसलेला असायचा, आणि वर्गात त्याच्यासारख्याच दुसऱ्यावर टिपणं लिहून घ्यायची. दोघांत फरक आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. तो नेमका कुठे आहे, ते काही बोट ठेवून दाखवता येईना.

दुसऱ्या मजल्यावर बँकेत नोकरी करणारे एक गृहस्थ राहायचे. कधी काळी त्यांनी एका एकांकिकेला बक्षीस मिळवलं होतं आणि तेव्हापासून सगळे त्यांना दिग्दर्शक म्हणत. संक्रांतीनंतर सोसायटीचं स्नेहसंमेलन व्हायचं, जवळच्या शाळेच्या सभागृहात. मी बोलता बोलता त्यांना ही गोष्ट सांगितली. ते खुर्चीतून उठलेच. "लिहा! दिवाळीच्या आदल्या दिवशी घडतं असं करा, पक्ष्याच्या जागी श्रीखंड घाला, भुतं तशीच ठेवा. मी कारकून करतो. आणि म्हाताऱ्याचं काम..." ते थांबले. मग म्हणाले, "तुमचे बाबा घरात असताना बाहेर कुठं शोधत बसायचं?"

मी अशी भडकले म्हणता! जिना दणादणा चढून वर आले आणि घरात सांगितलं की मी नाटक लिहिणार नाही, आणि या इमारतीत राहायचीही माझी इच्छा नाही. आईनं पाणी दिलं. बाबांनी पेपरची घडी घातली.

"मला चिक्कू म्हाताऱ्याचं काम देतायत?"

"हो."

"म्हणजे मेकअपचा खर्च वाचवतायत," बाबा म्हणाले. "माणूस हुशार आहे. मी करतो काम."

मी लिहून दिलेले पहिले कागद त्यांनी काळजीपूर्वक वाचले. मग मला हाक मारली. "हा माणूस वाईट आहे हे समजलं. पण कारकून एकटा बसलाय, खिडकी उघडी आहे, तेव्हा हा पंखा बंद करायला सांगतो. यात वाईट काय आहे?"

"बाबा, तो त्या कारकुनाकडे एकदाही मान वर करून बघत नाही. त्याला घाम आलाय की नाही, घरी कोण आजारी आहे, काही विचारत नाही. भाचा दारात येतो तर दार लावून घेतो. ते वाईट आहे."

बाबा विचारात पडले. "मग दार नीट लावून घेऊ दे त्याला. पंख्यावर काय ढकलतेस?"

माझ्या टिपणांत जे सापडलं नव्हतं ते बाबांनी असं दोन वाक्यांत काढून हातात दिलं.

तालमी संध्याकाळी आमच्या गच्चीवर व्हायच्या. बाबांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना थक्क केलं. पाठांतर चोख, आवाज खणखणीत, आणि भाच्याला हाकलताना अशी थंड नजर की दिग्दर्शक माझ्या कानात म्हणाले, "हे तर जन्मजात नट आहेत हो." घड्याळाचे टोले देण्याचं काम चाचांकडे होतं. दुकानातलं एक जुनं लंबकाचं घड्याळ घेऊन ते कठड्यापाशी बसायचे आणि भूत यायची वेळ झाली की हातानं काटा फिरवून टोले वाजवायचे.

सगळं छान चाललं होतं आणि शेवटच्या प्रवेशाशी गाडी अडली. म्हातारा सकाळी जागा होतो, आपण अजून जिवंत आहोत हे त्याला कळतं आणि तो पोट धरून हसतो. त्या हसण्यावर सगळं नाटक उभं होतं. तो हसला नाही तर तो बदललाच नाही. बाबा उभे राहिले, त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "हा. हा. हा." पाढे म्हटल्यासारखं.

"अहो, मोकळं हसा," दिग्दर्शक म्हणाले.

"मोकळंच हसलो."

मग सगळ्यांनी कंबर कसली. दिग्दर्शकांनी विनोद सांगितले. बाबांनी ते शेवटपर्यंत ऐकून त्यातली चूक काढली. चाचा म्हणाले, "साहेब, घशातून काढू नका. पोटातून येऊ द्या," आणि नमुना म्हणून स्वतः हसले. आम्ही सगळे हसलो, खालून कुणीतरी काय झालं म्हणून विचारलं, आणि बाबा भिंगातून नकाशा बघावा तसे चाचांच्या पोटाकडे बघत होते. "सुरुवात नेमकी कुठून होते?" त्यांनी विचारलं. चाचांना पुन्हा हसू आलं.

बाबांनी मनावर घेतलं होतं, हे मात्र खरं. ते न्हाणीघरात सराव करायचे. दुसरा कुणी असता तर आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ सोडून ठेवला असता. बाबा नळ बंद ठेवून सराव करायचे, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू यायचं. "हा. हा. हा." थोडा वेळ शांतता. "हा हा. हा." आई पोळ्या लाटता लाटता थांबायची आणि दाराकडे कान द्यायची. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जी आशा दिसायची ती मला बघवत नसे. आपण हे नाटक का लिहून बसलो असं होऊन जायचं. नाटक पडलं असतं तरी चाललं असतं. मला एवढंच हवं होतं की एकदा, आईच्या देखत, या माणसानं खरोखरचं हसावं.

शेवटी दिग्दर्शकांनी तोडगा काढला. बँकेतल्या कुणाचा तरी टेपरेकॉर्डर आणायचा, त्यावर चाचांचं हसणं भरून घ्यायचं आणि ऐनवेळी वाजवायचं. बाबांनी फक्त तोंड उघडायचं. चाचा तयार होते. बाबा म्हणाले, "नको. उसनं हसू वापरायचं नाही मला."

"मग त्या वेळी काय करणार?"

"बघू."

आणि तसेच आम्ही प्रयोगाला उभे राहिलो.

आता आमचे प्रेक्षक. सभागृह भरलेलं, पहिल्या रांगेत सगळे पेन्शनर, मधल्या रांगेत आई आणि तिच्या बरोबरीच्या बायका. पडदा वर गेला. कारकुनानं पंख्याचं बटण दाबलं. बाबा मान वर न करता म्हणाले, "खिडकी काय शोभेला ठेवलीय?" आणि कडाडून टाळी पडली. मला वाटलं, बाबांच्या अभिनयाला असेल. मग वर्गणी मागणारे आले. म्हातारा म्हणाला, "मी वर्गणी दिली नाही तर सूर्य उगवायचा राहणार आहे का?" पुन्हा टाळी. पहिल्या रांगेतले एक आजोबा शेजाऱ्याला म्हणाले, "रास्त बोलला." भाचा जेवायला बोलवायला आला तेव्हा दुसरे म्हणाले, "न कळवता येतात म्हणजे काय?" आणि पहिलं भूत दिवाळीच्या पणत्यांचं तबक घेऊन आलं तर मागून आवाज, "एका भुताला इतका उजेड कशाला?"

विंगेत दिग्दर्शकांनी कपाळावर हात मारला. ज्याला सगळ्यांनी खलनायक समजायचं, त्यालाच सदाशिव पेठेनं डोक्यावर घेतलं होतं. लंडनचा म्हातारा सव्वाशे वर्षं वाट बघत होता ते प्रेक्षक त्याला अखेर इथे मिळाले होते. मला चीड यावी की हसू यावं तेच कळेना, आणि मी पडद्याची दोरी तोंडात धरून हसत सुटले.

मग तिसरं भूत आलं आणि म्हाताऱ्याचं मरण दाखवायला लागलं. शेजारी त्याच्या घरात शिरतात आणि सामान उचकतात, असा प्रवेश होता. तालमीत आम्ही रिकामी खोकी वापरली होती. प्रयोगाला खरं सामान लागेल म्हणून बाबांनी ते घरून आणलं होतं, हे मला तेव्हा कळलं. टोपण चढवलेल्या पेन्सिली. दोऱ्यांचा गोळा. शेजारी झालेल्या मुलांनी ठरल्याप्रमाणे "हे काय भंगार!" म्हणून तो गोळा भिरकावला. तो रंगमंचावरून घरंगळत, उलगडत गेला आणि सभागृहात कुणीही हसलं नाही. बाबा त्याच्याकडे बघत उभे होते. नाटकात नव्हतं, तरी ते वाकले आणि दोरा हळूहळू गुंडाळायला लागले. गोळा पूर्ण झाल्यावर त्यांनी इकडेतिकडे बघितलं, हा द्यावा कुणाला म्हणून, आणि भूत, शेजारी सगळे विंगेत गेलेले, तिथे कुणीच नव्हतं. मला हुंदका आला. पहिल्या रांगेतले ते आजोबा चष्मा पुसत होते.

चाचांनी सकाळचे टोले दिले. म्हातारा जागा झाला. बाबा मध्यभागी आले, त्यांनी तोंड उघडलं, छातीत श्वास भरला, आणि काही बाहेर पडेना. विंगेतून दिग्दर्शक दबक्या आवाजात "हसा, हसा!" करत होते. बाबांनी दोनदा प्रयत्न केला. मग तोंड मिटलं आणि सरळ पुढचं वाक्य घेतलं: "माझ्या कारकुनाच्या घरी पाच किलो श्रीखंड पाठवा!"

आणि मधल्या रांगेतून, इतकी वर्षं पेठेत राहून कमावलेलं सगळं शहरी बोलणं विसरून, आई ओरडली:

"अवो, पाच किलो? नासंल की समदं!"

मग सभागृह असं फुटलं की छताचे पंखे हलले असतील. आईनं पदर तोंडावर घेतला. बाबांनी मात्र हात वर करून लोकांना शांत केलं. त्यांना बायकोचा मुद्दा पटला होता, आणि पटलेला मुद्दा सोडून द्यायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

"खरं आहे," ते म्हणाले. "त्यांच्याच्यानं ते संपणार नाही, आणि अन्न नासता कामा नये. तेव्हा असं करू. पुढच्या रविवारी सकाळी सगळ्यांनी आमच्याकडे या. तिसरा मजला. वाटी-चमचा ज्याचा त्यानं आणायचा."

पडदा पडला तरी टाळ्या थांबेनात. दिग्दर्शक बाबांना मिठी मारून म्हणाले, हा शेवट मूळ गोष्टीपेक्षा भारी झाला. म्हातारा हसलाच नाही, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्या आलं होतं. घरी जाताना आईकडे बघितलं तर तिच्याही आलं होतं.

मला वाटलं होतं, रविवारचं बोलणं नाटकातलं म्हणून लोक सोडून देतील. आमच्या लोकांना मी ओळखलंच नव्हतं. सोमवारपासून जिन्यात एकच विषय. "वाटी केवढी आणायची? आमटीची का भाजीची?" पेन्शनर आजोबांनी वर येऊन विचारलं की वेलदोडा असणार का केशर, म्हणजे तसं सकाळचं औषध घेता येईल. मी बाबांना म्हटलं, "आता काय करणार?"

"करणार काय? बोलावलंय, येतील."

"पण तुम्ही म्हाताऱ्याच्या तोंडून बोलावलंत!"

"तोंड माझंच होतं," बाबा म्हणाले.

आईच्या अंगात माहेर संचारलं. तिनं लोणीहून भावाकरवी म्हशीचं दूध मागवलं, विरजण लावलं, मलमलीच्या फडक्यांत दही बांधून खिडकीच्या गजांना, दाराच्या कड्यांना, जिथे टांगता येईल तिथे टांगलं. बांधायला दोरा लागला तेव्हा बाबांनी आपला गोळा आणून दिला. शनिवारी दोघं समोरासमोर बसली. आई चक्क्यात साखर कालवत होती आणि बाबा बाही वर करून पुरणयंत्राचं दांडकं फिरवत होते. मधून मधून बोट लावून चाखत होते, आणि आई "अहो, पुरे" म्हणत होती. बाबांनी काहीतरी हातचं न राखता केलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. दोघंही फार सुंदर दिसत होती.

रविवारी जिन्यात रांग लागली. तिसऱ्या मजल्यापासून पार खाली फाटकापर्यंत, प्रत्येकाच्या हातात वाटी. बाबा दारात स्टुलावर डाव घेऊन बसले होते आणि प्रत्येकाला काठोकाठ वाढत होते. मापात फरक नाही, पण हात आखडता नाही. लोक तिथेच पायऱ्यांवर बसून खात होते. ज्या जिन्यात वर्षानुवर्षं बाबांबद्दल कुजबुज व्हायची, तिथे आज नुसता चमच्यांचा आवाज होता. दिग्दर्शक खाऊन झाल्यावर पुन्हा दोनदा रांगेत उभे राहिले आणि दोन्हीदा पकडले गेले. आई आत दुसरं पातेलं घोटत होती.

चाचा शेवटी आले. दुकान बंद करून, धुवट सदरा घालून. हातात कापडानं झाकलेलं काहीतरी मोठं होतं. बाबांपुढे येऊन त्यांनी कापड काढलं. तेच ते कल्हईचं पितळी पातेलं, झाकणासकट.

"चाचा, वाटी आणायची ठरलं होतं," बाबा म्हणाले.

"आमच्या घरात हीच वाटी आहे, साहेब," चाचा गंभीरपणे म्हणाले. "झाकण काढा की."

बाबांनी झाकण उचललं आणि आत बघितलं. लख्ख घासलेल्या पातेल्याच्या तळाला, बरोबर मध्यावर, चिमूटभर साखर होती.

"रिकामं भांडं कसं आणायचं?" चाचा म्हणाले. "रीत आहे ना."

बाबा बराच वेळ आत बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलले. घशातून काहीतरी आवाज आला आणि बंद पडला. पुन्हा आला, पुन्हा बंद पडला. थंडीच्या सकाळी आमच्या गल्लीत स्कूटरला किक मारतात ना, अगदी तसं. आणि मग एकदम गाडी सुरू झाली. बाबा हसायला लागले. मान मागे टाकून, डाव हातात तसाच धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यांचा आवाज बारीक होता, चिरका होता, वरच्या पट्टीतला, त्यांना मुळीच न शोभणारा. चाचा नुसते उभे राहून बघत होते. पायऱ्यांवरचे चमचे थांबले.

आई आतून हात पुसत आली.

"कोण हो हसतंय ते?" तिनं विचारलं. "आपल्यातला आवाज नाही वाटत."

मी बाबांकडे बोट दाखवलं. ती तिथेच उंबऱ्याला टेकली. बाबांनी तिच्याकडे बघितलं, ते जरा ओशाळले आणि गप्प झाले.

"थांबलात का?" आई म्हणाली, थेट लोणीच्या बोलीत. "म्या आत व्हते, निम्मंच ऐकलं. पुन्यांदा हसा की."